आकारामतात्याची गौर

आता मला सांगा, देव न मानणाऱ्या मानसाला समजवायचं कसं? मानणाऱ्याचं सोपं असतंय, देव कोपंल म्हनलं की गप बसतंय. पन आमचा शेजारी आकारामतात्या… सगळ्या पलूसात असा नास्तिक मिळायचा न्हाई. नारळ फोडा म्हना, ‘मी मानत न्हाई.’ गंध लावायला जावा, ‘मी मानत न्हाई.’ आन परसाद? तो मातूर दोनदा मागून खानार आन वर म्हननार, ‘शिरा मानतो मी.’

बायको बनुबाई, लय देवभोळी. तुमास्नी सांगतो, गौरीच्या सणाला ह्या दोघांची मजा बगायला आमी भितीवरनं वाकून उभं! बनुबाई कॅनॉलवरनं तेरड्याची गौर घिऊन दारात यायची, आन आतनं कुनीतरी इचारायला लागतंय का न्हाई, गौर कशाच्या पावलानं आली म्हनून? पोरबाळ न्हाई घरात, मग हा नास्तिकच उंबऱ्याच्या आत, बनियनवर, काखंत पेपर. ‘कशाच्या पावलानं आलीस?’ ती म्हनायची, ‘सोन्याच्या पावलानं.’ की हा लगीच, ‘मग पाय पुसून ये, फरशी पुसलीया.’ दरसाली हेच! कपाळावर मारून घ्यायला तिचा हात कुठं मोकळा? नुसती म्हनायची, ‘आवं, सणाचं तरी नीट बोला.’ आन हसत आत यायची.

यंदा शिमग्याच्या सुमाराला तापाचं निमित्त झालं आन बनुबाई गेली.

गौरी आल्या तवा धाकटा भाऊ भाऊसो सांगायला आला. ‘दादा, वैनीला वरीस झालं न्हाई. वर्षाचं सुतक हाय, यंदा आपल्यात सण न्हाई.’ आता जन्मभर सणांस्नी नावं ठेवलेला मानूस, सुटलो म्हनायचं का न्हाई? तर हा म्हनतोय, ‘मी सुतक मानत न्हाई. गौर येनार.’

घ्या! सगळी भावकी देव मानती म्हनून गौर आनंना, आन हा मानत न्हाई म्हनून आननार! भाऊसो म्हनला, ‘पन दादा, गौर आनायला बाईमानूस लागतंय, आन भावकीतली एक बाय तयार व्हायची न्हाई.’ तर हा, ‘मी बाई-गडी मानत न्हाई.’

गेला की एकटाच कॅनॉलवर. तेरडा उपटला, धुतला, लहान लेकरागत टावेलात धरून आनला, दारात आला… आन थांबला. आत कोन हाय इचारायला? मी भितीवरनं बगतोय. त्यानं गौर उंबऱ्याभायेर ठेवली, आत गेला, वळून इचारलं, ‘कशाच्या पावलानं आलीस?’ भायेर आला, गौर उचलली, बारीक आवाजात म्हनला, ‘सोन्याच्या पावलानं.’ परत ठेवली, आत गेला. ‘मग पाय पुसून ये, फरशी पुसलीया.’

आन तितंच उभा ऱ्हायला, कारन पुढचं बोलनं त्याचं नव्हतं. शेवटी मीच भितीवरनं म्हनलं, ‘आवं तात्या, सणाचं तरी नीट बोला.’

त्यानं माझ्याकडं बगितलंच न्हाई. भायेर आला, चप्पल काढली, पाय पुसलं आन गौर घिऊन आत गेला. बनुबाईची हिरवी साडी नेसवली तिला, निऱ्या सगळ्या वाकड्या. शेपूची भाजी केली, भाकरी केली, निवद दावला. हात जोडलं न्हाईत, मानत न्हाई ना!

आता तिसऱ्या दिवशी गौर पान्यात सोडायची असती. साऱ्या गावाच्या गेल्या. दसरा झाला, दिवाळी आली, तेरड्याच्या नुसत्या काड्या झाल्या, तरी ह्याची गौर कोपऱ्यात साडी नेसून उभीच. मला ऱ्हावलं न्हाई, गेलो. म्हनलं, ‘तात्या, आता तरी पोचवा तिला.’ तिच्याम्होरं बसून भाकरी खात हुता. मान वर न करता म्हनला,

‘मी इसर्जन मानत न्हाई.’

आता सांगा, नास्तिक मानसाला समजवायचं कसं?