उजव्या चाकाशी बसलेला

ऐका. आणि मधे कुणी हूं की चूं करायचं नाही. माझं डोकं फिरतं, माहितीय ना?

त्या रात्री आपल्या शेवंताला घोणस चावली. हीच शेवंता, चुलीपाशी बसलीय ती. तेव्हा नवी नवरी होती. दवाखाना खाली तालुक्याला. सडकेनं दोन तास, जुन्या उतरणीनं पाऊण. तिचा नवरा धोंडीराम रडत माझ्या जीपपाशी आला. म्हटलं, चल, उतरणीनं घालतो! म्हातारी माणसं ओरडली, "सुभाना, अंधार पडलाय, तिकडनं नको." ऐकतोय कोण!

आता जीप जुनी. पुढची चाकं जोडायची तर नुसता दांडा ओढून भागत नाही. खाली उतरायचं आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेला खटका हातानं फिरवायचा. त्याला हब म्हणतात. एक जरी राहिला तर पुढची दोन्ही चाकं फुकट. समजलं?

उतरणीच्या तोंडाशी थांबलो. डावा हब फिरवला. वळसा घालून आलो, तर उजव्या चाकाशी एक घोंगडीवाला उकिडवा बसलेला! म्हणाला, "हे मी फिरवलंय. तू बस, पोरगी जाईल नाहीतर." आणि मी गाढव, बसलो! हात लावूनसुद्धा बघितला नाही.

छोटा दांडा 'लो'मध्ये, म्हणजे हळू पण जोराच्या चालीत टाकला, पहिला गिअर, निघालो. उतार कसला, आणि वर चिखल. मागची चाकं घसरायला लागली. पुढची धरतच नाहीत! जीप आडवी व्हायला लागली. डावीकडं दरी! तेवढ्यात मागून धोंडीराम म्हणाला, "सुभाना, क्लच दाब. इंजिन किती ओरडतंय!"

क्लच? उतारावर? अरे, क्लच दाबला की गाडी मोकळी. मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आरशात बघितलं. बॅटरीच्या उजेडात धोंडीरामचं तोंड मिटलेलं. नुसता बायकोच्या केसांवरून हात फिरवत होता.

"दाब की!" आता आवाज शेजारून. रिकाम्या सीटवर घोंगडी! आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर हात, विहिरीच्या पाण्यासारखा गार. पाय आपोआप क्लचकडं सरकला. माझा पाय, पोरांनो! माझंच ऐकेना!

डाव्या हातानं तो पाय धरला, ओढला आणि मांडीखाली दाबून बसलो. ब्रेक हळूहळू दाबला. इंजिन आचके देत बंद पडलं. पण गिअरात होती, जीप जागेवर उभी राहिली. हँडब्रेक ओढला.

"धोंड्या," मी ओरडलो, "तू फक्त शेवंताचं नाव घेत राहा. दुसरं काही बोललास तर तो तू नाहीस!"

तो "शेवंता, शेवंता" करत राहिला. मी लंगडत उतरलो. उजवा हब चाचपला. मोकळाच! कानाशी कुणीतरी म्हणत होतं, "फिरवलंय मी, फिरवलंय." मी फिरवला. टक्. परत हात लावून बघितलं.

आता गाडी चालू कशी करायची? क्लचला पाय लावायचा नव्हता. बसलो आणि पाय परत मांडीखाली दाबला. गिअर तसाच. हँडब्रेक सोडला आणि किल्ली फिरवली. स्टार्टरवरच जीप हातभर सरकली, इंजिन धरलं आणि पुढच्या चाकांनी चिखल धरला! तसाच, क्लचला न शिवता, गोगलगायीच्या चालीनं खाली आलो. वेळेवर पोचलो. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास लागता तर हातची गेली असती.

दुसऱ्या दिवशी धोंडीरामला विचारलं, "तो वरचा घोंगडीवाला कोण रे?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कोण घोंगडीवाला? तूच चाकाशी उकिडवा बसून म्हणत होतास, फिरवलंय, फिरवलंय."

म्हणून सांगतो, मेलात तरी त्या उतरणीला जाऊ नका. आणि हब दुसऱ्याच्या शब्दावर सोडू नका, स्वतःच्याही नाही. हात लावून बघा.

काय रे? मी अजून डावा पाय मांडीखाली घेऊन का बसलोय? गप झोप.