लूमचा ठोका

भिवंडीच्या एका दवाखान्यात एक्स-रेसाठी थांबलेल्या निशाच्या पुढच्या बाकावर दोघे बसले होते. एक मुनीर, लूमवाला, पंजाला फडकं गुंडाळलेला. दुसरा त्याच्या मालकाचा इंजिनिअर मुलगा कुणाल.

"मुनीरचाचा, कान जाऊ नयेत म्हणून बोळे दिले होते मी."

"कान वाचले, कुणालशेठ. तुटल्या धाग्याला गाठ मारायचं बोट गेलं, तर घरी बसून गाणी ऐकू?"

"बोळ्यांचा आणि बोटाचा काय संबंध?"

"सूत नेणारा धोटा निसटून उडायच्या आधी लूमचा ठोका बदलतो. तो ऐकून आम्ही हात मागे घेतो. तीस वर्षं. तुमच्या कागदात होतं काय हे?"

"नव्हतं. आता लाल दिवा बसवतो. ठोका बदलला की पेटेल."

"आठ लूम बघतो मी. दिव्याकडे मान वळवली, तर हाताकडे कोण बघणार? मोठे शेठ?"

"मग काय करू, तेच सांगा."

"आधी आठवडाभर माझ्या बाजूला उभे राहा. मग बसवा काय ते."

"बोळे न घालता?"

"आम्ही काय घालून उभे असतो?"

मुनीरच्या नावाच्या नर्सच्या पहिल्या दोन हाका मागच्या बाकावर निशालाही ऐकू आल्या होत्या. तिसरीला कुणालने मुनीरच्या खांद्याला हात लावला.

"चाचा, कधीपासून हाक मारतायत तुम्हाला."

"मग जरा मोठ्यानं मारायला काय होतं तिला?"