देव राखला, वाट दिली

आमचं गाव धारूरच्या डोंगराला चिकटून हाय. आईबाप ऊसतोडीला जायाचे, दसरा झाला की कोयता घेऊन निघायाचे, आन मी गयाकाकूजवळ ऱ्हायाचो. गयाकाकू म्हंजी माझी सख्खी चुलती, तिनंच मला वाढवलं. आता ती माझ्याशी धड बोलत न्हाई, त्याचंच सांगाया बसलोय. मधी मधी माझा आवाज चढंल, त्याला इलाज न्हाई, सोभावच तसा हाय.

तर काकू आन वाडीतल्या बाया जंगलात सीताफळाला जायाच्या. सरकारी राखीव जंगल, लाकडाला हात लावला तर गार्ड धरायाचा, पण फळाला कोणी काय म्हनत न्हवतं. वाट वाडीतून निघून एका खडकाळ माळावरनं जायाची, आन माळ संपून जंगल लागतं तिथं बांधावर एक शेंदूर फासलेला दगड, वाटंचा देव म्हनायाचे त्याला, दुसरं नाव न्हाई. बाया भरल्या टोपल्या घेऊन माघारी आल्या की एकेक बाई एक पिकलं फळ त्या दगडापुढं ठिवायाची. भूक लागंल त्यानं खावं, गुराख्यानं, वाटसरानं, कोणाच्याबी पोरानं, इचारायाचं न्हाई. काय सांगू तुम्हाला, मी त्या फळांवर जगलेला माणूस हाय. शाळा बुडवून दगडामागं बसायाचो, बाया पुढं गेल्या की फळ हातात. काकूला म्हाईत व्हतं. ती मुद्दाम मोठं फळ ठिवायाची.

मोठा झालो तवा त्याच बायांचा माल घेऊन बाजारात बसाया लागलो. धारूरला, मग तेलगावच्या फाट्यावर. व्यापारी म्हनायाचे, ह्या माणसापुढं टोपली बघू नका, तोंड बघा. तोंडावरच कमावलं म्या, बापाचं काय न्हवतं. तो खडकाळ माळ मालक मातीमोल द्याया लागला तवा म्या घेतला. पारावर सगळे हसले, काय बे, दगडं पेरतो का. म्हनलं, पेरतो. आन वाट माझ्या रानातनं जात व्हती तरी कधी अडवली न्हाई, हे लिहा, हे कोणी सांगत न्हाई.

मग रस्त्याची कामं निघाली, खडी पाह्यजे झाली, आन एक शेठ आला. माळावर पाय आपटून म्हनला, खाली अस्सल काळा दगड हाय, तुमी फकस्त संमती लिहून द्या, खाणपट्टा मी काढतो, फारेस्टच्या हद्दीपासून सोडायाचं अंतर सोडतो, सरकारचं मी बघतो. भाव काढाया बसलो. मी उठून जायाचो, तो बोलवायाचा, तो उठायाचा, मी चहा मागवायाचो. सगळं जमलं, दोनच गोष्टींवर अडलं. तो म्हनला, तो शेंदराचा दगड हलवा आन वाट बंद करा, सुरुंग लागतो तिथनं माणूस चालून जमत न्हाई. म्या म्हनलं, देवाला हात लावायाचा न्हाई, गाव मला जित्ता ठिवनार न्हाई. तो म्हनला, देव ऱ्हाऊ द्या, वाट द्या. म्हनलं, वाट दिली तर भाव वाढंल. त्यानं वाढवला. लगीच. एवढ्या लगीच की मला वाटलं, आरं, अजून मागाया पाह्यजे व्हतं. बघा, तवा मला वाईट कशाचं वाटलं, तर ह्याचं.

आता गाव म्हनतं, यानं डोंगर इकला. डोंगर! डोंगर सरकारचा, तो जाग्यावर हाय. खाणीला ग्रामसभेत हात वर कोणी केले, देवळापुढं फुकट खडी कोणी टाकून घेतली? त्याच हातांनी आता माझ्याकडं बोट दावत्यात. ह्याच्यावर मी कुनाशीबी भांडीन, जिंकीन बी. पण गयाकाकू भांडली न्हाई. खाण सुरू झाली, शेठनं वाटंवर तारंचं कुंपण घातलं, तवा ती येऊन तारंला हात लावून उभी ऱ्हायली आन माघारी गेली. तिथं माझं तोंड चालंना. माळ माझा व्हता हो, वाट कुठं माझी व्हती?

शेठनं देवाला पत्र्याचं छप्पर केलं, फरशी बसवली, जाळी लावली. असा देव आख्ख्या डोंगरात न्हाई. पण तिथनं कोणी जात न्हाई, मग ठिवनार कोण आन खानार कोण. फरशीवर नुसती दगडाची भुकटी. औंदा म्या बाजारातनं इकत फळ आणून ठिवलं. दुसऱ्या दिशी गेलतो, तर फळ तसंच, मुंग्या लागलेलं. माझं फळ घ्यायाला भुकेलं माणूसबी आलं न्हाई.

आता कराराची मुदत सरत आली. शेठ करार वाढवाया पेढे घेऊन आला. म्या म्हनलं, पेढे ठिवा, आधी वाट. बांधाच्या कडंकडंनं, तारंच्या बाहीर, सुरुंगाच्या टायमाला बंद, बाकी येळ मोकळी. तो म्हनला, येड लागलं का, मग भाव कमी करीन. म्या पेढ्याचा पुडा भिरकावला, त्याच्या सात पिढ्या काढल्या, आन शेवटी काय झालं, तर भाव कमी करून घेतला. जिंदगीत पह्यल्यांदा. सही तेवढी बाकी हाय.

तसाच काकूकडं गेलो. ती दारात बसून पिकाया गवतात फळं लावत व्हती. म्हनलं, काकू, पदरचं घालून वाट सोडवून आणली बघ. ती म्हनली, ठिव तुलाच. आमाला घावलीय दुसरी. म्हनलं, कुठनं? म्हनली, हाय कुठनं तरी. म्हनलं, मग देवाला फळ कुठं ठिवता? म्हनली, ठिवतो की, देव काय तुझ्या जाळीतच बसलाय का. म्हनलं, सांग की जागा, मी काय परका हाय? काकूनं फळ उलटंपालटं करून गवतात घातलं, आन वर न बघता म्हनली, सांगितली तर तिचाबी भाव करशील.

येरवी असं कोणी बोललं असतं तर म्या घर डोक्यावर घेतलं असतं. राग आलाच न्हाई. कावून आला न्हाई ते मला म्हाईत हाय, तुमालाबी आता म्हाईत हाय.

निघाया लागलो तवा काकूनं एक फळ उचललं. हातात दिलं न्हाई. उंबऱ्यावर ठिवलं, वाटसराला ठिवत्यात तसं, आन आत गेली. मोठं व्हतं. म्या तिथंच बसून खाल्लं.

सही करीन, वाट उघडीन, कोणी येवो न येवो. त्या बायांच्या टोपल्या भरल्या ऱ्हावोत. फकस्त त्यांची ती दुसरी वाट कुठनं जाती, ते मला कधी कळू नये, एवढंच त्या देवाकडं मागणं हाय.