चौदा सर्टिफिकिटं आणि एक खुर्ची

...नाही हो, शिकण्याला माझा विरोध नाही! पण चौदा कोर्स? चौदा! तुम्हाला सांगतो, सहा वर्षांपूर्वी साताऱ्याहून चेन्नईत आलो, या ब्रेकच्या कंपनीत मशीनवर लागलो, आणि एक दिवस ट्रेनिंगवाले रामस्वामी सर म्हणतात, "हेरंब, शिफ्ट इनचार्ज व्हायचं ना? एक कोर्स, दहा पॉइंट. शिका, पुढे जा!" व्हायचंच होतं हो! का विचारा? इनचार्जला कायमची सकाळची पाळी! आमची अर्चना बँकेत, मी पाळ्यांवर, वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत आमची भेट फ्रिजवरच्या चिठ्ठीतून... "सांबार गरम कर." "केलं." हा काय संसार झाला?

मग काय, सुटलोच! आग विझवायचा कोर्स केला, क्रेनचा केला, राग आवरायचा केला... मे महिना, एसी बंद, मी कुणाकुणावर ओरडलो ते विचारू नका, तरी सर्टिफिकेट मिळालं! कँटीनच्या स्वच्छतेचासुद्धा केला. आयुष्यात इडली लावली नाही कधी, पण दहा पॉइंट सोडतो की काय? शिका, पुढे जा!

आणि इकडे माझं मशीन? ते बघायचा शेजारच्या मशीनवरचा व्यंकटेश. कोर्सला चल म्हटलं की हा हात झटकणार, "अय्यो, मी पण आलो तर मशीन कोण बघणार? तू पो, पो!" म्हणजे जा, जा! मी वर वर्गात, हा खाली. मशीन अडलं, व्यंकटेश. माल खोळंबला, व्यंकटेश!

इंटरव्ह्यूला फाइल आपटली टेबलावर, धप्प! मोठ्या साहेबांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणे, "गेल्या महिन्यात तुमचं मशीन तीनदा बंद पडलं, कशानं?" आता मला काय ठाऊक? मी कोर्सला होतो!

इनचार्ज झाला व्यंकटेश. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू? तणतणत गेलो रामस्वामी सरांकडे, भांडणारच होतो, पण राग आवरायचं सर्टिफिकेट आडवं आलं! सर हसतात, "अरे, मी रिटायर होतोय. सगळे कोर्स केलेला माणूस कंपनीत एकच. माझी खुर्ची तुला!"

सकाळची पाळी? कायमची! अर्चनानं फ्रिजवरची चिठ्ठी फाडली, आता संध्याकाळची कॉफी आम्ही समोरासमोर बसून पितो. खूश आहे हो मी!

तर महाराष्ट्रातून नवीन आलेल्या बारा जणांनो, वह्या काढा, पहिलं वाक्य लिहून घ्या... शिका, पुढे जा! आणि दुपारी वर्ग नाही. व्यंकटेश साहेबांनी खाली बोलावलंय मला, मशीन शिकायला. पंधरावा कोर्स... आणि याला पॉइंटसुद्धा नाहीत!