काचेतल्या बाईची पकड

मी, खाली सही करणारी, वय चोवीस वर्षे, शिक्षण पदवी, धंदा सशस्त्र सुरक्षारक्षक, राहणार गिरणीमागील कामगार वसाहत, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई, वडील व धाकट्या बहिणीसह राहते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. रोकड सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीस आहे.

प्रशिक्षणात मला पिस्तुलाची पकड जमत नव्हती. आमचे मास्तर निवृत्त सैनिक आहेत. त्यांचे सांगणे असे की पकड कमरेच्या होल्स्टरमध्ये, पिस्तूल बाहेर काढण्याआधीच पुरी झाली पाहिजे. अंगठ्याजवळची बेचकी पिस्तुलाच्या मुठीच्या वरच्या टोकाला घट्ट बसवायची, तीन बोटे आवळायची, तर्जनी सरळ ठेवायची. बाहेर काढल्यावर हात सारखा करायचा नाही. माझा हात दर वेळी वेगळा बसे. मास्तर म्हणत, तुझी पकड म्हणजे रोज नवा पाहुणा. त्यांनी सरावासाठी लाकडी पिस्तूल घरी दिले आणि बजावले की भिंतीसमोर उभी राहा, आरशासमोर नको; स्वतःवर रोखायची सवय हाताला लागू नये.

भिंतीसमोर चूक दिसत नसे, म्हणून मी कपाटाच्या आरशासमोर सराव केला. आरशात पकड बरोबर दिसे. खाली हाताकडे पाहिले की चुकलेली असे. मग मी खाली पाहणे सोडले व आरशातल्या तिचे पाहून करू लागले. बहीण तिथेच पलंगावर अभ्यास करत असे. एकदा ती म्हणाली, "ताई, तू हरतेस गं. ती आधी काढते." मी हसले. दुसऱ्या दिवसापासून बहीण स्वयंपाकघरात अभ्यासाला बसू लागली.

आज दुपारी मी रोकड खोलीत, काचेच्या दाराशी आतून उभी होते. दोन्ही हात पाठीमागे धरले होते. बाहेर बिनखिडकीच्या बोळात सफाईच्या मावशी काच पुसत होत्या. त्या रोज माझी चेष्टा करतात. आज म्हणाल्या, पोरी, पिस्तुलाची नाही, तुझ्या त्या ताठ मानेची भीती वाटते. त्यानंतर बाहेरचे दिवे गेले. मावशी दिसेनाशा झाल्या आणि काचेत गणवेशातली बाई दिसू लागली.

तिचा हात कमरेकडे गेला. माझे हात अजून पाठीमागे होते. तिने पिस्तूल काढले. मग मी काढले. पकड पहिल्या झटक्यात बसली. गोळी सुटली.

काच कोसळल्यावर मावशी दिसल्या. त्यांच्याच हातातले फडके मी त्यांच्या खांद्यावर दाबून धरले. त्या म्हणाल्या, "अगं, मी आहे ना." त्या आता इस्पितळात आहेत. शुद्धीवर आल्या की नाही, हे मला कोणी सांगितलेले नाही.

पिस्तूल हातातून निसटले असे सांग, म्हणजे निभावेल, असे कंपनीच्या व्यवस्थापकांनी मला सांगितले. वडिलांनी ठाण्याच्या पायरीवर माझ्यापुढे हात जोडून तेच सांगितले. परंतु पिस्तूल निसटलेले नाही. पकड अचूक होती.

मावशींचा हात हलताना पाहून गैरसमज झाला काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. मावशींचा हात वर, फडक्यासह होता. कमरेकडे गेला तो त्यांचा नव्हता.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "माझे प्रतिबिंब" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "ती बाई" असे केले व खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.