ड्रॅगनचा खुराक

युद्धशास्त्रावरची चार जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी ते कुणाला विसरू देत नाही. तरीही संगणकावरच्या त्या राक्षसांच्या खेळात माझा शेवटचा किल्ला वेढ्यात सापडला. तो पडला की तीन आठवड्यांची मोहीम संपणार होती. उरले होते अकरा उपाशी सैनिक आणि एक जखमी ड्रॅगन.

राधानगरीहून आलेले माझे सासरे चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

“ह्ये खातंय किती?”

“प्रत्येक फेरीला पन्नास पोती, मामा.”

“आन् लढतंय?”

“तूर्त नाही. पण त्याचं सामरिक मूल्य...”

“सोड की मग त्याला.”

तर्क पटला म्हणून नव्हे, वाद टाळावा म्हणून मी ड्रॅगन सोडला. शत्रूने त्याला मोठ्या सन्मानाने आपल्या छावणीत नेलं. चौथ्या फेरीला शत्रूचं धान्य संपलं आणि वेढा उठला. माझे अकराही सैनिक वाचले.

“मामा, हे तुम्हाला सुचलं कसं?”

“त्यात काय सुचायचंय? गेल्या दिवाळीला तुझ्या बाबांना म्हैस भेट दिली, ती काय दूध देत हुती व्हय?”