मधमाश्यांच्या बागेतली फुलं

आमच्या झाशीच्या कॉलनीत मधमाश्या वाचवायचं खूळ आलं होतं, ते सांगितलं का तुम्हाला? खूळ आणलं समितीचे अध्यक्ष मोघेकाकांनी. पार्कात झेंडू, तगर, सदाफुली लावली आणि 'देशी मधुमक्खी उद्यान' अशी पाटी ठोकली. पाटीवर मधमाशी बारीक, काकांचं नाव जाडजूड.

बाग हिरवीगार झाली, पण माशी काही फिरकेना. काकांनी मीटिंग बोलावली आणि सगळा दोष ढकलला शेजारच्या शर्माजींवर. शर्माजी दर रविवारी अंगणात गोवऱ्या पेटवून बाटी भाजायचे. काका म्हणाले, "आपके धुएँ से मक्खियाँ भाग रही हैं." बाटी बंद. शर्माजींचा चेहरा असा झाला की जणू घरातलं कुणी गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि शर्माजी फिरायला निघालो, तर पार्कात काका हातात पिशवी घेऊन फुलं तोडत होते. पिशवी गच्च भरली होती आणि झाडांवर नुसती पानं उरली होती.

शर्माजींनी विचारलं, "मोघेजी, ये तो मक्खियों के फूल हैं ना?"

काका शांतपणे म्हणाले, "उन्हीं के लिए तो तोड़ रहा हूँ, भैया. मक्खियाँ आ जाएँ, इसलिए रोज़ भगवान को चढ़ाता हूँ."

रविवारी शर्माजींनी त्या पाटीखालीच गोवऱ्या पेटवल्या, आणि पहिली बाटी काकांच्या देवाला नैवेद्य म्हणून पाठवून दिली.